दार-खिडक्यांचे वायरलेस सेन्सर: अकरा महिने आणि एक खानापुरी पावसाळा

आमचं जुनं घर जांबोटीच्या पुढं, खानापूर तालुक्यात. राहायला आम्ही बेळगावात, टिळकवाडीत. गावाकडं फेरी रविवारची, एरवी घर कुलपात. गेल्या जूनमध्ये पुढचं दार, परड्याकडचं दार आणि तीन खिडक्या, असे पाच झिगबीचे (कमी विजेत चालणाऱ्या बिनतारी पद्धतीचे) सेन्सर बसवले. सोबत हब, म्हणजे सेन्सरचे निरोप घेऊन फोनला पाठवणारी पेटी, आणि सिमकार्डवर चालणारा राउटर.

सेन्सर म्हणजे दोन तुकडे. चौकटीवरच्या डबीत काचेची बारीक नळी, तिच्यात लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या. दाराच्या फळीवर चुंबक. चुंबक जवळ असेतो पट्ट्या चिकटलेल्या. तो लांब गेला की त्या सुटतात आणि हबकडं निरोप जातो. दोघांत दीड-दोन सेंटिमीटर अंतर चालतं, असं दुकानदारानं सांगितलं तेव्हा मी मान डोलावली. जुलैत आपली दारं कशी होतात, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

जुलैत रात्री पावणेदोनला फोन वाजला, ‘परडे दार उघडले’. शेजारच्या काकांना उठवलं. ते बिचारे इरलं घेऊन, बॅटरी मारत गेले आणि फोनवर म्हणाले, “दार बंदच हाय की ओ! फुगलंय नुसतं.” फळी पाणी पिऊन वरच्या कोपऱ्यात चौकटीबाहेर आली होती. कडी शाबूत, कुलूप शाबूत, चुंबक तेवढा लांब गेलेला. पुढच्या रविवारी चुंबकाखाली लाकडाची चिपळी घालून तो पुढं आणला. दुहेरी टेप तर ओलीनं पहिल्याच आठवड्यात सोडली होती, आता सगळीकडं बारीक स्क्रू आहेत. पुढच्या लोखंडी ग्रिलवर आधी एक लावून बघितला होता. लोखंड चुंबकाची ओढ खाऊन टाकतं, मध्ये लाकडाची पट्टी घातल्याशिवाय तो धड चालेना.

यापेक्षा मोठी गोष्ट कळायला सप्टेंबर उजाडला. लाईट गेली की हब बंद, आणि त्या वेळात दार उघडलं तर तो निरोप वाऱ्यावर. लाईट आल्यावरही ॲप जुनीच स्थिती दाखवतं, ‘बंद’, हिरव्या रंगात. मी स्वतः परड्याचं दार उघडं ठेवून, लाईट घालवून, परत आणून बघितलं. तेव्हापासून त्या हिरव्यावर माझा विश्वास नाही. राउटरला १२ व्होल्ट आणि आमच्या हबला ५ व्होल्ट लागतात, म्हणून दोन्ही तोंडं असलेला छोटा यूपीएस घेतला. तीन-साडेतीन तास निघतात. खानापूरच्या पावसात ते कधी पुरतात, कधी नाही.

भिंती जांभ्याच्या, हातभर जाड. मागच्या खिडकीच्या सेन्सरचा हबशी संपर्क सारखा तुटायचा. मध्ये सॉकेटात लावायचा झिगबी प्लग बसवला, तो निरोप पुढं ढकलतो. बॅटरीवरचे सेन्सर एकमेकांचा निरोप पुढं देत नाहीत, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

सेल नाण्याएवढे, सीआर २०३२. पाचपैकी एकच बदलला. पुढच्या दाराचा ॲपमध्ये बरेच दिवस भरलेला दिसत होता आणि एका आठवड्यात आडवा झाला. जुने सेल पोरांच्या हाताला लागू देऊ नका, गिळले तर जिवावर बेततं.

गणपतीत घर भरलेलं, दार मिनिटाला उघडतंय, फोन थांबेना, म्हणून सूचना बंद केल्या. परत चालू करायचं दसऱ्याला आठवलं. यात यंत्राचा काय दोष?

खिडकीची काच फोडून कुणी आत हात घातला तर सेन्सर गप्पच. त्याला फळी हललेली तेवढी कळते. खिडक्यांचे गज अजून तेच पूर्वीचे जाडजूड आहेत, आणि एक किल्ली काकांकडं असते.

आता मे संपत आला. परड्याचं दार रंधून घ्यायचं म्हणून सुताराला तीनदा निरोप दिला. आंबे उतरवून येतो म्हणालाय. तोवर ती चिपळी तशीच.