ऑइल सीलचे साडेअकरा हजार दिले, गिअरबॉक्स उतरवलाच नव्हता

ज्यांच्या गाड्या दहा वर्षांच्या पुढे गेल्यात त्यांनी तरी हे वाचाच.

माझी 2012 ची वॅगन आर, पुण्यात धायरीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. मे महिन्यात खाली ऑइल गळायला लागलं, रोज रुपयाएवढा डाग, शेजारच्या काकांनी दोनदा ऐकवलं म्हणून सिंहगड रोडच्या एका गॅरेजला नेली. नाव टाकत नाही, उगाच वाद नको. त्याने खालून बॅटरी मारली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जॉइंटला बोट लावून काळं ऑइल दाखवलं, म्हणाला सर क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवायला लागेल. सील म्हणजे क्रँक या इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याभोवतीची, ऑइल अडवणारी रिंग. ते काही शेकड्यांतलं, पण फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या मागे बसतं, तिथपर्यंत पोचायला गिअरबॉक्स, क्लच सगळं काढावं लागतं, त्यामुळे खरा खर्च लेबरचा. आता यात खोटं काहीच नाहीये. मी घरी येऊन शोधलं तर तेच सापडलं, आणि तिथेच गंडलो.

गाडी दोन दिवस ठेवून घेतली. 11,500 झाले, वहीच्या कागदावर बिल. मी शहाणपणाने जुना पार्ट मागितला, त्याने लगेच कागदात गुंडाळून दिला, खालून इंजिन एकदम चकाचक. मी खूष.

तीन आठवड्यांनी डाग परत हजर. ऑफिसातल्या मित्राने त्याच्या कात्रजच्या मिस्त्रींकडे पाठवलं. साठीचे गृहस्थ, बोलणं कमी. जुनं सील हातात घेतलं आणि म्हणाले हे पुढचं, पुलीकडचं असेल कुठल्यातरी गाडीचं, मागचं सील याच्यापेक्षा बरंच मोठं असतं. मग बिल बघितलं, "गिअर ऑइल कुठंय यात?" मला कळेना. ते म्हणाले गिअरबॉक्स उतरवायचा तर ॲक्सल, म्हणजे चाकांकडे जाणारे दांडे, बाहेर ओढावे लागतात, त्याआधी गिअर ऑइल काढायचं आणि नंतर परत भरायचं, म्हणजे बिलात ते पाहिजेच. शेवटी गाडी वर घेऊन गिअरबॉक्सचे बोल्ट दाखवले, खाचांमध्ये जुनी माती तशीच दाबून बसलेली, एकालाही पाना लागल्याची खूण नाही. म्हणजे त्या पठ्ठ्याने दोन दिवसांत इंजिन खालून धुतलं, बस!

आणि खरा लीक होता वर. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग कडक झालं होतं, तिथून ऑइल इंजिनच्या पाठीवरून ओघळत त्याच जॉइंटला जमायचं, खालून बघणाऱ्याला मागचंच सील गेल्यासारखं वाटणार. मिस्त्रींनी इंजिन पुसून घेतलं, मला खडकवासल्यापर्यंत चक्कर मारून यायला सांगितलं आणि आल्यावर खालून नाही, वरून बघितलं. कव्हरच्या कडेला ताजी ओल. पॅकिंग आणि लेबर धरून 900 रुपये, अर्ध्या तासात काम. आता पार्किंग कोरडं आहे.

तुम्हाला कोणी गिअरबॉक्स उतरवायचं सांगितलं तर आधी इंजिन धुवून गाडी फिरवून आणा आणि वरून खाली बघत या. तरी काम करायचंच ठरलं तर गिअरबॉक्स खाली असताना जाऊन उभे राहा, निदान फोटो तरी मागा. जुन्या पार्टवर विश्वास ठेवू नका, तसले भंगारात ढिगाने पडलेले असतात.

बोल्टचे फोटो घेऊन त्या गॅरेजला गेलो होतो. आधी आवाज चढवला, मग पोरावर ढकललं, शेवटी चार हजार परत दिले आणि म्हणाला बाकीचे पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये ॲडजस्ट करू.