मॅक्लोडगंजची वॉकिंग टूर – कॅफे एक दिवस राहू दे, ही करा

आम्ही धरमशालाला गेलो ते खरं तर भागसूचा धबधबा आणि मोमो एवढ्यासाठीच, पण हॉटेलच्या काउंटरवर एका अर्ध्या दिवसाच्या चालत टूरचं पत्रक दिसलं, तिबेटी पोरं चालवतात, म्हटलं बघू. मी, नवरा आणि सासूबाई. आता घरी येऊन महिना झाला तरी आमच्यात त्याच टूरच्या गप्पा चालू आहेत म्हणून सविस्तर लिहितेय.

सकाळी आठला त्सुगलाखांग म्हणजे दलाई लामांच्या देवळापासून सुरुवात, मग लिंगखोर म्हणजे प्रदक्षिणेच्या वाटेने झाडीतून खाली गंगक्यीपर्यंत, जिथे तिबेटींचं निर्वासित सरकार आहे. गाईड इथेच जन्मलेला, हिंदी एकदम स्वच्छ. पाठ केलेलं बोलत नाही, काही विचारलं की थांबून उत्तर देतो.

वाटेत एका भिंतीवर पोस्टर होतं, एका लहान मुलाचं, गाल थंडीने लालभडक झालेले. सासूबाई थांबल्या, हा कोण रे बाळा? गेधुन चोएक्यी न्यिमा. १४ मे १९९५ ला दलाई लामांनी त्याला पंचेन लामांचा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखाल मानाच्या लामांचा, अवतार म्हणून जाहीर केलं आणि तीनच दिवसांनी चीनने त्याला आईवडिलांसकट उचललं. वय वर्षं सहा. त्याच वर्षी चीनने दुसऱ्याच मुलाला पंचेन लामा म्हणून बसवलं. सासूबाईंनी विचारलं, मग हा आता कुठे आहे? गाईड म्हणाला, माताजी, चीन म्हणतो शिकला, नोकरी करतो, त्याला त्रास देऊ नका, पण आम्ही कोणी त्याला पाहिलेलं नाही. आज तो पस्तिशी ओलांडलेला माणूस असेल आणि भिंतीवर अजून तोच सहा वर्षांचा फोटो. त्या तिथून लवकर हलल्याच नाहीत.

एका पोराला उचलायचं कारण काय तर पुढचा दलाई लामा ओळखण्यात पंचेन लामांचा शब्द परंपरेने मोठा मानतात. म्हणजे तो हातात तर पुढचा दलाई लामाही हातात. चीन १७९३ च्या सोन्याच्या कलशाचा दाखला देतो, चिंग सम्राटाने चिठ्ठ्या टाकून अवतार ठरवायची पद्धत घातली होती ती, आणि २००७ मध्ये तर नियमच केला की सरकारी परवानगीशिवाय अवतार मान्य नाही. दलाई लामांनी २ जुलै २०२५ ला, नव्वदीच्या चार दिवस आधी, सांगितलं की परंपरा चालू राहील आणि निवडीचा अधिकार फक्त गादेन फोद्रांग ट्रस्टचा, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच संस्थेचा. हे सगळं पेपरात वाचलं होतं मी, पण त्या पोस्टरसमोर उभं राहून ऐकलं तेव्हा कुठे आत उतरलं.

गंगक्यीत नेचुंग मठ आहे, तिथे कुतेनच्या म्हणजे कौल सांगणाऱ्या भिक्षूच्या अंगात देव येतो, आपल्याकडे येतं ना तसंच, आणि त्याचा कौल म्हणजे सरकारी सल्ला. १७ मार्च १९५९ ला ल्हासा सोडायचा कौल इथल्याच देवाचा, दलाई लामांनी स्वतः तसं सांगितलंय. दोन आठवड्यांत ते तवांगच्या बाजूने भारतात आले. आणि ह्या मठापासून थोडं चाललं की संसद! २०११ मध्ये त्यांनी राजकीय अधिकार सोडले, आता सिक्योंग म्हणजे निर्वासित सरकारचा प्रमुख मतदानाने निवडतात. ह्याबद्दल गाईड ज्या अभिमानाने बोलला ना, मला फार आवडलं.

आता तक्रार. भारताचा भाग फारच घाईत उरकला. नेहरूंनी आसरा दिला, धन्यवाद, पुढे चला. अहो चीनबरोबरच्या १९५४ च्या करारात आपणच तिबेटला चीनचा प्रदेश म्हटलं, २००३ मध्ये परत मान्य केलं, हेही सांगा की, आम्ही रागावणार नाही. माझ्या सासऱ्यांनी १९६२ ला शाळेत जवानांसाठी स्वेटर गोळा केलेत, आमच्या घरात हा विषय परका नाही. पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून गाळत असतील, पण हे गाळलं की गोष्ट अर्धीच राहते, खरंच सांगते.

दुसरं म्हणजे उतार. गुडघ्याचा त्रास असेल तर काठी न्या, सासूबाईंना दोन ठिकाणी हात धरावा लागला, ह्याची कल्पना बुकिंगच्या वेळी कोणी दिली नाही. परत वर यायला टॅक्सी ज्याची त्याची. शिवाय गंगक्यीत जेमतेम तासभर मिळाला आणि लायब्ररीत तर धड डोकावताही आलं नाही. मी शेवटी विचारलं तर म्हणाले आधी सांगितलं तर वेळ वाढवून देतो, तेव्हा बुक करतानाच सांगून ठेवा.