क्रिस्टियाना की जेन? एकपात्रीसाठी टॅव्हर्नवाली निवडताना

अमेरिकेतल्या वसाहतकाळच्या टॅव्हर्नवालीवर वीस मिनिटांची एकपात्री बसवायची, तर विल्यम्सबर्गमधली दोन नावं हाताशी आहेत: क्रिस्टियाना कॅम्पबेल आणि जेन वोब. गाव एकच, व्हर्जिनियाची तेव्हाची राजधानी. जॉर्ज वॉशिंग्टन दोघींकडे जेवल्याच्या नोंदी त्याच्या रोजनिशीत आहेत. (टॅव्हर्नचा गुत्ता करू नका. जेवण, दारू, बिछाना, घोड्याला वैरण असं सगळं तिथे मिळे. बिछान्यात शेजारी अनोळखी माणूसही असू शकत असे.)

क्रिस्टियाना सोपी. बाप टॅव्हर्नवाला, म्हणजे धंदा घरातलाच. नवरा औषधविक्या, तो गेल्यावर ती दोन मुलींना घेऊन विल्यम्सबर्गला परतली. तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात लग्नाच्या बाईला स्वतःच्या नावावर ना करार करता येई, ना उधारीसाठी दावा लावता येई. विधवेला दोन्ही जमे. नाटकाला हा मुद्दा फार उपयोगी आहे: पुन्हा लग्न केलं तर गल्ला नवऱ्याचा. १७७१ मध्ये तिने ‘व्हर्जिनिया गॅझेट’मध्ये जाहिरात दिली, की कॅपिटॉलमागच्या (म्हणजे वसाहतीच्या विधिमंडळाच्या इमारतीमागच्या) घरात टॅव्हर्न उघडलं आहे, जिथे आधी मिसेस वोब होत्या. नवी पाटी लावतानाही जुन्या मालकिणीचं नाव घ्यावं लागलं, ही गंमत सोडू नका.

जेन त्या घरातून निघाली आणि १७७२ मध्ये मुख्य रस्त्यावर ‘किंग्ज आर्म्स’ उघडून बसली. खाण्यापिण्याचे आणि मुक्कामाचे दर काउंटीचं कोर्ट ठरवून देई, ते दर्शनी लावावे लागत. भाव पाडून गिऱ्हाईक ओढायची सोय नाही, म्हणजे नाव कमवायचं ते ताटावर आणि टापटिपीवर. ती ठेवणारे हात गुलामांचे होते, क्रिस्टियानाकडेही. जेनच्या ताब्यातल्या गुलामांपैकी एक गोवन पॅम्फ्लेट. तो चाबकाचा धोका पत्करून कृष्णवर्णीयांसमोर बाप्टिस्ट प्रवचनं करू लागला. त्याला मुक्ती मिळाली १७९३ मध्ये, आणि त्याने उभी केलेली मंडळी आजही विल्यम्सबर्गमध्ये फर्स्ट बाप्टिस्ट चर्च म्हणून आहे.

माझं मत जेनकडे झुकतं, पण एका अटीवर. ‘नवऱ्याविना धंदा उभा करणारी रणरागिणी’ असा साचा घेतलात, तर गोवन नेपथ्यातला नोकर होऊन जाईल. हिशेबाची वही लिहिणारी चतुर बाई आणि त्याच वहीत माणसाची किंमत मांडणारी बाई एकच आहे, हे एका आवाजात पेलणारी नटी हवी. मिळाली नाही तर जेनच्या वाटेला जाऊ नका.

मग क्रिस्टियाना. विनोदाची जाण असलेल्या, पन्नाशीपुढच्या नटीला ती चांगली शोभेल. १७८० मध्ये राजधानी रिचमंडला हलली. कोर्टाच्या हंगामात तुडुंब भरणारं गाव ओस पडलं. १७८३ मध्ये एक जोडपं मुक्कामाच्या आशेने तिच्या दारात उभं राहिलं. इथे आता उतारू घेत नाही, तेही कित्येक वर्षांपासून, असं तिने सुनावलं. त्या पाहुण्याने तिचं वर्णनही लिहून ठेवलंय: चार फूट उंच, तेवढीच रुंद, नाक वर उचललेलं. पडदा त्या दारावरच उघडा. १७७१ची जाहिरात तिला नंतर वाचू दे.