व्हीजीए-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर: घ्यावा, पण बघून

दुकानात "जुना पीसी टीव्हीला जोडायचाय" एवढंच सांगितलं, तर हातात उलटा कन्व्हर्टर पडू शकतो. दोन्ही दिसायला सारखे, पण चालतात एकाच दिशेनं. आपल्याला हवा तो व्हीजीए-टू-एचडीएमआय, म्हणजे पीसीच्या जुन्या मॉनिटर-पोर्टमधून (व्हीजीए) टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टकडे चित्र नेणारा: एका टोकाला १५ पिनांचा मेल (पिना बाहेर असलेला) व्हीजीए, दुसऱ्या टोकाला एचडीएमआयचं सॉकेट. कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत खरेदीला जाताना सीपीयूच्या आणि टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. सीपीयूला डीव्हीआय-डी (डिजिटल चित्राचा) पोर्ट असेल तर कन्व्हर्टर नकोच. साधी डीव्हीआय-एचडीएमआय केबल पुरते आणि चित्रही जास्त रेखीव येतं.

कन्व्हर्टरला यूएसबीची पॉवर वायर आणि ३.५ मिमीचा ऑडिओ जॅक हवाच. व्हीजीएतून आवाज जात नाही, म्हणून सीपीयूच्या हिरव्या सॉकेटमधून कन्व्हर्टरला वेगळी वायर द्यावी लागते. काही कन्व्हर्टर व्हीजीएच्या ९ नंबर पिनवरच्या ५ व्होल्टवर सुरू होतात, पण ती वीज कमी पडली की चित्र लुकलुकतं. आत सर्किट नसलेली, नुसती दोन टोकांची स्वस्त केबल तर अजिबात घेऊ नका. व्हीजीए ॲनालॉग, एचडीएमआय डिजिटल. तिनं काही होत नाही.

कन्व्हर्टर थेट सीपीयूला लावा आणि लांबी एचडीएमआय केबलची वाढवा. व्हीजीए केबल लांबवली की अक्षरांशेजारी सावली दिसते.

मॉनिटर काढण्याआधी रेझोल्यूशन १२८०×७२०, ६० हर्ट्झ करून ठेवा. टीव्हीला न झेपणारं सेटिंग राहिलं तर पडदा काळाच राहतो. मग पीसी आणि टीव्ही दोन्ही बंद करून जोडणी करा, टीव्हीवर एचडीएमआय सोर्स निवडा आणि शेवटी पीसी सुरू करा. चित्र आलं की १९२०×१०८० करून बघा. यादीत ते नसेल तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर टाका. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर जोडणी त्याच्याच पोर्टला. मदरबोर्डचा पोर्ट बहुधा बंद असतो.

टास्कबार कडेला कापला गेला तर दोष टीव्हीच्या ओव्हरस्कॅनचा, म्हणजे टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतो. पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडा. आवाजासाठी विंडोजमध्ये 'स्पीकर्स'च ठेवा, कारण या कन्व्हर्टरचं नाव तिथल्या यादीत येत नाही.

तालमीच्या हॉलमध्ये मॅच लावायला किंवा घरी सिनेमा बघायला हा कन्व्हर्टर उत्तम. बारीक अक्षरांचं काम मात्र मॉनिटरवरच करावं. कोअर टू ड्युओसारखा जुना प्रोसेसर असलेल्या मशीनवर १०८०पी यूट्यूब अडखळतं, कारण ते डीकोड करणं प्रोसेसरला झेपत नाही. कन्व्हर्टर बदलून फरक पडणार नाही, क्वालिटी ७२०पीवर आणा.