जिप्सीचा चेंबर आणि खेर्डीचे मिस्त्री

आईनं सारवलेल्या खळ्यात जिप्सी आणायला मला कितीतरी दिवस बंदी होती. सकाळी गाडी काढली की खाली भाकरीएवढा काळा डाग, आणि त्यावर आईचं ठरलेलं वाक्य, "बाप पान खाऊन थुंकायचा, आता त्याची गाडी थुंकते." त्या डागापायी मी तीन गॅरेजं फिरले. त्यातल्या तिसऱ्याबद्दल लिहितेय.

गाडी १९९९ ची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली, १२९८ सीसी. चिपळूणजवळच्या पोफळीच्या वरच्या अंगाला आमची काजूची बाग आहे. शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात नुसता लाल राडा, फोर-व्हील लो टाकल्याशिवाय गाडी वर चढत नाही. त्यामुळे "विकून टाका की" हा सल्ला कृपया नको. जिप्सी २०१९ ला बंद झाली आणि मारुतीची नवी जिम्नी काही माझ्या काजूच्या भावात बसत नाही.

पहिल्या गॅरेजवाल्यानं खाली वाकून बघितलं, "चेंबर गळतोय" म्हणाला (चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं पत्र्याचं भांडं) आणि दहाचा पाना घेऊन सगळे बोल्ट करकचून आवळले. दोनशे रुपये. आठ दिवस बरं वाटलं, मग पहिल्यापेक्षा जास्त गळायला लागलं. दुसऱ्यानं जुन्या सिलिकॉनवरच कॉर्कचं पॅकिंग चढवलं, वर सिलिकॉनचा आणखी एक थर दिला आणि एका कोपऱ्यात एम-सीलचा लाडू थापला. त्याचे अकराशे. नावं घेत नाही, रोज त्याच रस्त्यानं जायचं असतं.

तिसरं गॅरेज खेर्डीला, त्या शेडवर बोर्ड नाही. एमआयडीसीच्या बाजूला वळल्यावर जिप्सीचा गंजलेला हार्डटॉप उलटा टाकलेला दिसेल, त्यात कोंबड्या बसतात. तेच. मिस्त्री साठीचे असतील, कमी बोलतात. मी गेल्या गेल्या सांगितलं, "चेंबर गळतोय."

"असं सगळेच सांगतात, ताई. ऑइल वरून येतं, दिसतं खाली."

आणि त्यांनी पान्याला हातही लावला नाही. पोऱ्यानं डिझेल आणि ब्रशनं इंजिनाची खालची बाजू घासून धुतली, कॉम्प्रेसरच्या हवेनं कोरडी केली. मग मिस्त्रींनी घामोळ्याच्या पावडरचा डबा काढला आणि टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेपासून खाली चेंबरपर्यंत सगळीकडे पावडर फुंकली. इंजिन होळीतल्या सोंगासारखं दिसायला लागलं. म्हणाले, बहादूरशेख नाक्यापर्यंत दोन फेऱ्या मारून या.

परत आल्यावर गाडी उचलली आणि बॅटरीच्या उजेडात मला खाली बोलावलं. पांढऱ्यावर काळे ओघळ स्पष्ट दिसत होते, आणि ते दोन होते. एक चेंबरच्या मागच्या कोपऱ्यात. दुसरा पार वरून, हेडच्या मागच्या टोकाला डेल्को (स्पार्क प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) बसतो तिथून निघून बेल हाउसिंगवरून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या घरावरून, खाली आलेला. म्हणजे डेल्कोची रबरी ओ-रिंग कडक झाली होती आणि तिथलं ऑइल चेंबरच्या कडेशी येऊन टपकत होतं. आधीच्या दोघांनी तिथे नजरसुद्धा टाकली नव्हती. बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकाशी पावडर मात्र कोरडी होती. त्या भोकातून ऑइल आलं असतं तर क्रँकची मागची सील गेली असं समजायचं, आणि मग गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च. तो वाचला. पावडरचा डबा कितीचा येतो ते सगळ्यांना माहीत आहे.

चेंबर मी तिथेच बसून उतरवून घेतला, कारण मागचे अनुभव. चॅसिसला घोड्या लावल्या की पुढची अॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर खाली लोंबते, तेवढ्या फटीतून चेंबर काढायचा. बाहेर आला तेव्हा मिस्त्रींनी आधी ऑइल पंपाची जाळी दाखवली. तिच्यावर शेवयांसारखे सिलिकॉनचे तुकडे अडकले होते, काळपट, ओढले की लांबणारे. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं टूथपेस्टसारखं लावलेलं सिलिकॉन आवळताना आत घुसलं आणि तुटून ऑइलबरोबर इथे येऊन बसलं. अजून थोडं बसलं असतं तर पंपाला ऑइल मिळालं नसतं, आणि मग बाहेरच्या डागाची काळजी करायची गरजच उरली नसती. इंजिनच गेलं असतं.

मग चेंबरची कड. पत्र्याचीच ती. पहिल्यानं ताकद लावली होती त्या प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर उचलला गेलेला, आणि दोन भोकांच्या मधला भाग खाली राहिलेला. जेवढं आवळावं तेवढी मधली फट वाढते, म्हणून आठ दिवसांनी गळती वाढली होती. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर त्याचा पाना मीच काढून घेतला असता. मिस्त्रींनी कड ऐरणीवर धरून हातोडीच्या गोल तोंडानं एकेक भोक खाली बसवलं आणि काचेच्या तुकड्यावर ठेवून उजेड आरपार दिसतो का ते बघितलं. पाऊण तास गेला. इंजिनाचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, त्याला लोखंडी खरवडणी चालत नाही, म्हणून तिथलं जुनं सिलिकॉन पोऱ्यानं बांबूच्या कामटीनं काढलं. एका बोल्टाचे आटे गेले होते, तिथे हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवली.

आता एम-सीलचा लाडू. तो छिन्नीनं उडवल्यावर खाली नुसता गंज होता, भोक काही दिसेना. मिस्त्रींनी चेंबरला बाहेरून खडू घासला, आत रॉकेल ओतलं आणि विटांवर ठेवून चहा मागवला. अर्धा चहा झाला असेल नसेल, पांढऱ्या खडूवर टिकलीएवढा ओला ठिपका उमटला. मग त्याच्याशेजारी दुसरा.

चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ सांगायला नको. त्या दिवशी ही गाडी मावसभावाच्या दारात, बाजारपेठेत उभी होती, आणि वाशिष्ठीचं पाणी बॉनेटच्या वर गेलं होतं. आम्ही ऑइल बदललं, इंजिन धुतलं, सीटा फेकल्या. पण चेंबरच्या त्या कोपऱ्यात बाहेरून बसलेला गाळ कुणीच खरवडला नव्हता, तो ओल धरून पत्रा खात राहिला. तीन घरं सोडून एक वेल्डर आहे, त्यानं ब्रेझिंग केलं, म्हणजे पितळ वितळवून भोकं बुजवली. मग पुन्हा खडू, पुन्हा रॉकेल. या वेळी चहा संपून कप धुऊन झाले तरी खडू कोरडाच. त्यानंतर रंग.

नवीन चेंबर मिळेल का असं मी विचारलं होतं. मिळेल म्हणाले, पण वाट बघावी लागेल, आणि बाजारात डुप्लिकेट पातळ पत्र्याचा येतो, त्यापेक्षा हाच ठेवा.

जोडताना पॅकिंग वापरलं नाही, फक्त सिलिकॉन, अनाबाँड ६६६. दोन्ही बाजू थिनरनं पुसल्या, मग ज्वारीच्या दाण्याएवढ्या जाडीची एकच सलग रेघ, भोकांच्या आतल्या बाजूनं. पुढे ऑइल पंपाचं हाउसिंग आणि मागे सीलचं हाउसिंग ब्लॉकला मिळतं त्या सांध्यांवर एकेक थेंब जास्त. बोल्ट आधी हातानं लावले, मग मधून कडेकडे टॉर्क रेंचनं, ११ न्यूटन मीटर. मी म्हटलं, "एवढंच?"

"एवढंच. मनगटाचा जोर, खांद्याचा नाही."

ऑइल त्या दिवशी भरूच दिलं नाही. सिलिकॉन रात्रभर सुकू दे म्हणाले.

हे झालं कौतुक. आता तक्रारी, कारण आहेत. "उद्या घेऊन जा" हे मिस्त्रींचं वाक्य मी चार वेळा ऐकलं, गाडी सहाव्या दिवशी मिळाली. ते दिवस मी पोफळीला एसटीनं गेले, वर चढ चालत. फोन उचलत नाहीत, पोऱ्या उचलतो आणि "मिस्त्री गाडीखाली आहेत" म्हणतो, जे बहुधा खरं असतं. ड्रायव्हरच्या सीटवर ऑइलचा पंजा उमटलाय. चार लिटरच्या डब्यातलं उरलेलं ऑइल मागितल्यावर मिळालं, न मागता नाही. आणि बिल म्हणजे सिगारेटच्या पाकिटाच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेला हिशोब: मजुरी २,२००, ब्रेझिंग ३००, हेलिकॉइल २५०, ओ-रिंग ४०, सिलिकॉन, ऑइल आणि फिल्टरचे वेगळे, आणि सगळ्यात खाली "बघणावळ ४००".

त्या बघणावळीवरून गिऱ्हाइकं भांडतात, माझ्यासमोरच एकजण भांडला. नुसतं बघायचे चारशे? मी एक शब्द न बोलता दिले. आधीच्या तेराशे रुपयांत कोणी बघितलंच नव्हतं.

घाईची गाडी असेल, प्रवासी वाहतूक असेल, तर इथे जाऊ नका. जुनी जिप्सी असेल आणि आठवडा काढता येत असेल, तर दुसरीकडे जाऊ नका. मजुरी आधी ठरवून घ्या, सीटवर गोणपाट टाकून गाडी द्या.

दोन महिने झाले. रोज रात्री इंजिनाखाली पुठ्ठा सरकवते, सकाळी कोरडा असतो. डिपस्टिकवरची खूण हललेली नाही. गेल्या रविवारी आईनं स्वतःहून सांगितलं, लाव खळ्यात. परवा मात्र पुठ्ठ्यावर एक थेंब सापडला, इंजिनापासून बराच मागे. बोटावर घेऊन वास घेतला, गंधकासारखा उग्र. गिअर ऑइल. म्हणजे ट्रान्स्फर केस, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी. आईनं बघायच्या आत पुठ्ठा उचलला आणि खेर्डीला फोन लावला. मिस्त्री गाडीखाली आहेत.