घोडी मळ्यात की पागेत?

लिहून पोट भरणाऱ्या माणसानं घोडी पाळावी का, हे मला आता कुणी विचारू नये. ते विचारायची वेळ दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारात होती, आणि तेव्हा शेजारी कुणी शहाणं माणूस उभं नव्हतं. घेतली. आता प्रश्न उरतो तो ठेवायची कुठे एवढाच. गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या दोघांनी हेच विचारलं, त्यातल्या एकानं तर घोडी दारात आल्यावर. माझं दोन्हीकडे ठेवून झालंय: आधी तीन वर्षं केर्लीजवळ काकांच्या मळ्यात, आणि आता दीड वर्षं झालं, कोल्हापूर शहराच्या दक्षिण अंगाला एका पागेत, महिनेवारीनं. मी स्वतः राहतो पेठेत, तिसऱ्या मजल्यावर.

घोडं काय खातं, किती पितं, खरारा कसा करायचा हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. फक्त एवढं ध्यानात घ्या की माझी मैना भीमथडी वळणाची आहे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली, मेंढपाळांच्या वाड्याबरोबर ओझं वाहत फिरणारी ही जात, बुटकी आणि काटक. मोठी मारवाडी घोडी असेल तर माझे चाऱ्याचे आकडे सव्वा-दीडपट करून वाचा.

हिशेब मी शब्दांत करतो, कारण पैसे तसेच येतात. भाषांतराला शब्दाला एक रुपया. कडब्याची पेंढी पोच धरून ३० ला पडते, दिवसाला चार लागतात. जवाचा भरडा, भिजवलेला हरभरा अशी चंदी शंभराची. म्हणजे मैना रोज २२० शब्द खाते. खताच्या कंपनीचं एक माहितीपत्रक मराठीत आणलं की तिचे तीन दिवस निघतात. कविता लिहून एकही दिवस निघालेला नाही.

आता मळा. मळा म्हणजे फुकट, असं प्रत्येकाला वाटतं, मलाही वाटलं होतं. शेड आपलं, विहीर आपली, काकांच्या दोन म्हशी आहेतच, त्यात एक घोडी काय जड? पहिलं जड होतं ते कडब्याचं. कोल्हापुरात ऊस चिक्कार, कडबा नाही. तो यायचा जत, मंगळवेढा, सांगोल्याकडून, आणि स्वस्तात हवा असेल तर शाळूची काढणी झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षाचा एकदम भरून ठेवायचा. एकदम म्हणजे ट्रकभर. मार्चमध्ये माझ्याकडे एकदम असं काहीच नसतं. दिवाळी अंकाचं मानधन संक्रांतीपर्यंत आलं तर आलं, आणि ज्यांच्याकडून बरी रक्कम यायची ते १० टक्के टीडीएस कापून उरलेलं ‘नव्या आर्थिक वर्षात टाकतो’ म्हणतात. त्यामुळे मी कडबा घेतला तो कायम जुलै-ऑगस्टमध्ये, चढ्या भावानं, भिजका.

मग काका म्हणाले, अरे बांधावर हत्ती गवत एवढं माजलंय, ते घाल की. घातलं. दोन महिने मैना खुशीत होती. पुढं एका जाणत्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की या गवतात ऑक्झलेट भरपूर असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. म्हशीच्या पोटातले जंतू ऑक्झलेट पचवतात, म्हशीला काही होत नाही. घोड्याला मात्र नुसतं तेच घातलं तर हाडं पोकळ व्हायला लागतात. वर आपण प्रेमानं गव्हाचा कोंडा घालतो, त्यात फॉस्फरस जास्त, म्हणजे आगीत तेल. म्हशीच्या पेंडीचंही तसंच. काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घालतात, गाई-म्हशीला ते चालतं, घोड्याला थोडंही विषच, थेट हृदयावर जातं. दुभत्या जनावरांच्या या जिल्ह्यात घोडं ठेवायचं म्हणजे शाकाहारी माणसानं खानावळीत राहण्यासारखं आहे: सगळे मायेनं वाढतात आणि ताटात काय पडलंय ते आपण बघायचं. काकूंना मी तीन वर्षं ‘पेंड नको’ सांगत होतो. काकू तीन वर्षं ‘एवढीशीनं काय हुतंय’ म्हणत होत्या.

पुराचं फार लांबवत नाही. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की माझं लिहिण्यातलं लक्ष उडायचं, ४३ ला धोक्याची पातळी, आणि रेडे डोह फुटला, म्हणजे तिथून नदीचं पाणी पात्राबाहेर पसरलं, की केर्लीकडे जाणारा रत्नागिरी रस्ता बंद. २०१९ आणि २०२१ ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मळा उंचावर, घोडी कोरडी, पण मी अलीकडे आणि ती पलीकडे. एका पावसाळ्यात चार दिवस काकांनी फोनवर तिचं फुरफुरणं ऐकवलं.

हे सगळं मी सोसत होतो बरं का. मळा सुटला तो यातल्या कशामुळेच नाही. सुटला तो नालबंदामुळे.

खूर महिन्याला सेंटिमीटरभर वाढतं. सहा-सात आठवड्यांनी नाल काढायची, खूर कापून कानशीनं घासायचं, पुन्हा ठोकायची. यात कुणाला सूट नाही; कावळा नाक्यावरच्या ताराराणींच्या पुतळ्यातल्या घोड्याला असेल तेवढीच. आमचा नालबंद कामाला पक्का माणूस, पण राहायला लांब, आणि मैना एकटी. फोन केला की म्हणायचा, “उद्या येतो की, पत्रकार.” (मळ्याच्या बाजूला लिहिणारा प्रत्येक माणूस पत्रकारच असतो, मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.) उद्या मी लॅपटॉप घेऊन सकाळी सातला मळ्यात. चिंचेखाली बाज टाकून बसायचं, एक कान फटफटीच्या आवाजाकडे. दुपारी फोन: “जरा अडकलोय. उद्या हमखास.” परवा तेच. ज्या दिवशी मी जायचो नाही त्या दिवशी तो येईल आणि घोडी धरायला कुणी नसेल, या धास्तीनं रोज जायचो. घोडी धरून उभं राहणारं माणूस नसेल तर तो फटफटीवरून उतरतसुद्धा नाही, आणि काकांना मैना जुमानत नाही.

शेवटच्या खेपेला असे १९ दिवस गेले. बाराव्या दिवशी तिला रस्त्यावर काढली तर आवाजच वेगळा. तीन पाय टाप-टाप आणि पुढचा डावा टिचक. वाकून बघितलं तर नाल दोन खिळ्यांवर लोंबतेय, बाकीचे वाकलेले, आणि खुराचा पुढचा भाग वाढून बुटाच्या फाटक्या तळव्यासारखा पुढं आलेला. अशी नाल राहिली तर घोडी स्वतःच्याच खिळ्यावर पाय देते. म्हणून काढायला घेतली, घरातल्या पकडीनं. बाहेरच्या बाजूला वळवलेली खिळ्यांची टोकं आधी सरळ करायची असतात, मग नाल उचकटायची. हे मला वाचून माहीत होतं. प्रत्यक्षात मी ओढली. नालेबरोबर खुराच्या कडेचा बत्ताशाएवढा टवका हातात आला. रक्त नाही, त्या भागाला जाणीव नसते. पण पुढच्या खेपेला खिळा मारायचा कशात? तेवढं खूर पुन्हा भरून यायला सहा महिने लागले आणि त्यातले पहिले तीन आठवडे ती लंगडत होती.

विसाव्या दिवशी, संध्याकाळी सातला, तो आला. मोबाईलच्या उजेडात पाऊण तास खाली मान घालून काम केलं. मी तोंड फिरवून उभा. जाताना पानाची पिंक टाकून म्हणाला, “मालक, राग धरू नका. धा घोडी असली की माझा रोजगार सुटतोय. तुमच्या एकीपायी पेट्रोल बी सुटत न्हाई.” यावर काय बोलणार? दोनशे शब्दांचं काम घेऊन आलेल्या माणसाला मीही ‘बघतो, उद्या सांगतो’ म्हणतोच की. त्या महिन्यात माझी दोन कामं हुकली, त्यातलं एक कायमचं.

त्या रात्री वहीत हिशेब मांडला. चारा-चंदी ६,६००, सकाळी लीद काढणाऱ्या गड्याला ३,०००, रोजच्या एका खेपेचं पेट्रोल १,८००, नाल-औषधाचे सरासरी १,०००. एकूण १२,४००. पागेची महिनेवारी १२,०००, आणि त्यात मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस. माझे मळ्यात बाजेवर गेलेले तास यात धरलेलेच नाहीत. वही माझी आहे, तुमच्या मळ्याचं गणित कदाचित वेगळं येईल, पण पेट्रोल आणि गडी धरल्याशिवाय मळा स्वस्त म्हणू नका.

पागेतही सगळं गोड नाही. पैसे एक तारखेला, आगाऊ. माझे पैसे साठ दिवसांनी, मिनतवारीनं. पहिले चार महिने मी एक तारखेला पागेच्या मागच्या दारानं जायचो. दुसरं म्हणजे तिथं वैरण दोनच वेळा पडते. घोड्याचं पोट लहान, त्याला दिवसभर थोडं थोडं चरत राहायचं असतं. मैना रात्री नऊला वैरण संपवून मोकळी झाली की दाराची फळी कुरतडायची. मी वैरण भरायची बारीक भोकांची जाळी आणून टांगली, तेव्हा थांबली. त्यासाठी मोतद्दाराशी गोडीगुलाबीनं वागावं लागलं. मालकाशी बोलून उपयोग नसतो. तिसरं, लग्नसराईत वरातीचे बाहेरचे घोडे मुक्कामाला येतात का, हे आधी विचारून घ्या. ग्लँडर्स हा आजार एका हौदावर पाणी प्यायल्यानंही पसरतो, माणसालाही होतो, आणि निदान पक्कं झालं तर कायद्यानं जनावर मारावं लागतं. जी पागा रक्ततपासणीचा दाखला मागत नाही तिथं तुमचं जनावर नेऊ नका, भाडं कितीही कमी असो. आमच्या पागेनं माझ्याकडे मागितला तेव्हा मी चिडलो होतो. आता बरं वाटतं.

पण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तोच नालबंद सकाळी आठला हजर असतो. ११ घोडी असतात, ज्यांची पाळी आलीय त्यांची नाल होते, धरायला मोतद्दार उभा. मी पेठेत घरी लिहीत असतो. माझ्यासाठी निकाल इथं लागला. शिवाय रात्री पोटशूळ उठला तर कुणीतरी जागं असतं. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटदुखी सकाळपर्यंत ढकलता येत नाही, आणि रात्री दोन वाजता पेठेतून केर्ली गाठेपर्यंत बराच वेळ जातो.

उरला पैशाचा प्रश्न. तो मी आपल्याकडच्या जुन्याच रीतीनं सोडवला. म्हैस अर्धेलीनं देतात तशी मैना निम्म्या वाट्यानं दिली. पागेत शिकायला येणारी एक कॉलेजातली मुलगी आठवड्यातले तीन दिवस तिला फिरवते आणि महिनेवारीचे सहा हजार तिच्या घरचे भरतात. आधी जिवावर आलं होतं. दुसऱ्याच्या मांडीखालची घोडी बघणं सोपं नसतं, आणि ती मुलगी माझ्यापेक्षा बरी बसते हे तर त्याहून नाही. पण माझ्या वाट्याला आता महिन्याला ६,००० शब्द येतात, आणि तेवढे मी लिहितो. तुमच्या मळ्यावर घरचं, जनावराला न भिणारं माणूस चोवीस तास असेल, किंवा गावात आणखी पाच-सहा घोडी असतील, तर मळ्याला मी नाही म्हणणार नाही. तसं नसेल तर माझ्या मते पागा बरी, आणि एकट्याला झेपत नसेल तर वाटेकरी बघा, पण मळा ‘परवडतो म्हणून’ नको.

मळ्याची एकच गोष्ट पागेत मिळाली नाही. चिंचेखाली लिहीत बसलो की मैना मागून येऊन मानेवर श्वास सोडायची, गरम, भिजल्या हरभऱ्याच्या वासाचा, आणि वाक्य जमलं नसलं तर मी ते तिच्यावर ढकलायचो. एप्रिल-मेमध्ये ती मुलगी मामाच्या गावाला जाते, तिचा वाटा बंद होतो. तेव्हा पहाटे पाचला गाव झोपेत असताना मी मैनेला शिवाजी पुलावरून चालत मळ्यात नेतो, आणि पाऊस लागायच्या आत माघारी आणतो. निघायच्या आदल्या रविवारी नाल करून घेतो. परवा काकांचा फोन आला होता, यंदा कडबा उतरवायचा का म्हणून. म्हटलं, अडीचशे पेंढ्या ठेवा. आणि काकूंना सांगा, पेंड नको.