अधिसूचना की अनुदान : सीमाभागातील जुन्या वास्तूसाठी नेमके काय मागावे?

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यातील एखाद्या गावात जुन्या देवळाची भिंत फुगली किंवा गडाचा बुरूज ढासळला, की पंच कमिटीची बैठक बसते आणि बहुतेक वेळा एकच ठराव होतो, तो म्हणजे आमदारांकडे निधी मागण्याचा. वास्तू कायद्याने संरक्षित करून घ्यावी असे सुचवणारा एखादाच असतो. त्यालाही लगेच गप्प केले जाते, कारण एकदा पुरातत्त्व खाते आले की देवळात खिळासुद्धा मारता येणार नाही, ही धास्ती सर्वांच्या मनात असते. ती अगदीच निराधार नाही. पण ती कोणत्या वास्तूला आणि किती लागू पडते हे न तपासता निर्णय घेतला जातो आणि पुढे पन्नास वर्षे गावाला तो निस्तरावा लागतो. माझे मत आधीच सांगतो. वास्तू ओसाड असेल तर आधी अधिसूचना, म्हणजे वास्तू संरक्षित असल्याची सरकारी घोषणा, मागावी. देऊळ नांदते असेल तर अनुदान मागावे, मात्र लेखी अटी घालून.

अनुदानाचा मोठा गुण म्हणजे ते लवकर येते. आमदार निधी असो, पर्यटन खात्याची मंजुरी असो किंवा मुजराई खात्याकडून, म्हणजे कर्नाटकाच्या देवस्थान खात्याकडून, जीर्णोद्धारासाठी मिळणारी रक्कम असो, पाठपुरावा करणारा माणूस खमका असेल तर वर्ष-दोन वर्षांत काम उभे राहते. मुजराईच्या देवस्थानांना मिळणारी तस्तीक, म्हणजे सरकारी नेमणुकीची रक्कम, पूजेअर्चेपुरतीच असते, तिच्यातून भिंत दुरुस्त होत नाही, त्यामुळे जीर्णोद्धाराची रक्कम वेगळी मागावी लागते. अडचण पैसे आल्यानंतर सुरू होते. अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याच्या हाताखालून रोज गटारे, शाळाखोल्या आणि समुदाय भवने जात असतात. त्याच्या कागदावर सिमेंट, ग्रॅनाइट आणि टाइल्स आपोआप येतात, चुना येत नाही. त्यातच 31 मार्चच्या आत बिल काढायचे असते. जुन्या बांधकामातला चुना वाळू, गूळ आणि हिरड्याच्या पाण्यात चुन्याच्या घाण्यावर मळला जायचा, मुरायला दिवस लागायचे, पण तो भिंतीला श्वास घेऊ देत असे. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो, क्षार दगडाच्या पृष्ठभागावर येतात आणि चार-पाच पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात.

आमच्याच भागातील एका देवळासमोर मंजूर निधीतून कट्टा बांधला गेला. तेथे पूर्वीपासून उभी असलेली वीरगळ हलवायची नाही म्हणून तिच्याभोवतीच काँक्रीट ओतले. भावना चांगली होती, नाही असे नाही. वीरगळीवर वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत खाली तो ज्या लढाईत पडला ती लढाई कोरलेली असते. कट्ट्याची उंची दीड फूट असल्यामुळे नेमकी खालची चौकट गाडली गेली. आता त्या दगडावर वीर स्वर्गात जाताना दिसतो, पण तो गुरे सोडवताना मेला की गावाच्या वेशीवर, हे कोणालाही सांगता येणार नाही. उरलेल्या भागाला पुढच्या जत्रेआधी चंदेरी ऑइल पेंट दिला गेला. हे काम खर्च, वेळ आणि लेखापरीक्षण या तिन्ही दृष्टींनी निर्दोष होते.

आता कायद्याचा मार्ग. तो दोन पातळ्यांवर आहे आणि आपल्याकडे दोन्हींचा घोळ घातला जातो. केंद्राचा 1958 चा कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी आहे. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी आणि साफा मशीद ही त्याची जवळची उदाहरणे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने, बिचिराजाने, 1204 साली उभारलेल्या कमल बसदीच्या छताचे दगडी कमळ आज शाबूत दिसते, त्यामागे कोणा एका वर्षीचे अनुदान नाही, तर तेथे मनमानी जीर्णोद्धार करण्याचा अधिकार कोणालाच नाही ही गोष्ट आहे. मात्र 2010 च्या दुरुस्तीने केंद्रीय स्मारकाभोवतीचे 100 मीटर प्रतिषिद्ध आणि त्यापुढचे 200 मीटर विनियमित, म्हणजे परवानगीनेच बांधकाम करता येईल असे, क्षेत्र ठरवले. पहिल्या शंभर मीटरमध्ये नवे बांधकाम होत नाही, जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. देऊळ गावठाणाच्या मधोमध असेल तर ही रेषा निम्म्या गावावरून जाते. ज्या शेजाऱ्याला मुलाच्या लग्नाआधी माडी चढवायची आहे, त्याच्याकडून अशा अधिसूचनेला पाठिंबा मिळेल असे समजणे भोळेपणाचे ठरेल.

दुसरी पातळी कर्नाटकाच्या 1961 च्या कायद्याची आहे. या कायद्याखालील काम पाहणाऱ्या राज्य पुरातत्त्व खात्याचे मुख्यालय म्हैसूरला आहे. राज्याच्या यादीत आठशेहून अधिक स्मारके आहेत आणि गावपातळीवरच्या बहुतेक मागण्यांचे खरे स्थान येथेच आहे. राष्ट्रीय महत्त्व सिद्ध करण्याचा भार नको असेल आणि वास्तूला बेछूट दुरुस्तीपासून वाचवायचे असेल, तर हाच मार्ग धरावा.

दोन गैरसमज येथेच दूर केलेले बरे. संरक्षण झाले म्हणजे मालकी सरकारजमा झाली असे नाही. केंद्रीय कायद्यात मालकाशी करार करून वास्तू त्याच्याच नावे ठेवण्याची तरतूद आहे. पूजास्थान असेल तर तेथील उपासना चालू राहते, उलट त्या स्थानाच्या स्वरूपाशी विसंगत वापर होऊ नये असे कायदाच सांगतो. बंधन येते ते बांधणे, पाडणे, खोदणे आणि रंगवणे यांवर. ज्या पंच कमिटीला शिखर उतरवून दाक्षिणात्य धर्तीचे रंगीत गोपुर उभारायचे आहे, तिने अधिसूचनेच्या वाटेला जाऊ नये हेच खरे.

कायद्याच्या बाजूने बोलताना त्याचे अपयश झाकणेही योग्य नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2013 च्या अहवालात केंद्राने संरक्षित केलेली 92 स्मारके जागेवर सापडलीच नाहीत असे नमूद आहे. यादीत नाव आले म्हणजे पहारेकरी आला, पैसा आला असे होत नाही. निळा फलक लागतो आणि त्याखाली घाणेरी वाढत राहते. म्हणून लोकप्रतिनिधींकडे जाताना केवळ "आमची वास्तू यादीत घाला" एवढी मागणी अपुरी आहे. राज्याच्या अंदाजपत्रकात संरक्षित स्मारकांच्या वार्षिक देखभालीसाठी स्वतंत्र तरतूद हवी, जी पुतळे, कमानी आणि प्रकाशयोजना यांकडे वळवता येणार नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावर 2023 साली शिवरायांच्या पुतळ्याचे लोकार्पण एका आठवड्यात दोनदा झाले. तटाच्या चिऱ्यांमधली झाडे उपटण्यासाठी तशी चढाओढ लागलेली अजून माझ्या पाहण्यात नाही.

आपल्या लोकांच्या मनात येणारा तिसरा पर्याय म्हणजे महाराष्ट्राकडे मागणे. त्यामागची भावना मला समजते, पण कायदा वास्तू ज्या जमिनीवर उभी आहे त्या राज्याचा चालतो. महाराष्ट्राचा 1960 चा स्मारक कायदा चंदगडच्या गडाला लागू होतो, कारण 1956 च्या पुनर्रचनेत तो तालुका पलीकडे गेला. काही मैल अलीकडच्या खानापूरला होत नाही. भीमगडाची गोष्ट आणखी वेगळी, तो अभयारण्यात असल्याने वनखात्याच्या संमतीवाचून तेथे दगडही हलत नाही.

वाड्यांसाठी मात्र वरचे दोन्ही मार्ग मला कमी उपयोगाचे वाटतात. शहापूर किंवा निपाणीच्या गल्लीतील राहता वाडा भावांत वाटला गेलेला असतो आणि त्याला स्मारक म्हणवून घ्यायला कोणीच तयार नसते. मुंबईने 1995 साली वारसा इमारतींची श्रेणीवार यादी थेट विकास नियंत्रण नियमांत घातली आणि काही प्रकरणांत मालकाला हस्तांतरणीय विकास हक्काच्या, म्हणजे जागेवर न करता आलेले बांधकाम दुसरीकडे करण्याच्या किंवा तो हक्क विकण्याच्या मुभेच्या, रूपाने मोबदलाही दिला. बेळगावसाठी तशी यादी बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मास्टर प्लॅनमध्ये यावी आणि मालकाला घरपट्टीत सवलत मिळावी, ही मागणी अनुदानापेक्षा अधिक टिकाऊ आहे.

निर्णय कोणताही होवो, अर्जाची तयारी सारखीच आहे. जागेचा उतारा आणि सर्व्हे नंबर, चारही बाजूंची छायाचित्रे, साधा मोजमापाचा नकाशा, शिलालेख असल्यास त्याचा ठसा आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा. अर्ज कन्नडमध्ये द्यावा, मराठी प्रत सोबत ठेवावी, वाद दुसरीकडे घालावा. अनुदान घेणाऱ्यांनी ठरावातच लिहावे की दगडाला रंग लागणार नाही, सांधे चुन्यातच भरले जातील, वीरगळ व सतीशिळा हलवल्या किंवा गाडल्या जाणार नाहीत, आणि शेवटचा हप्ता कामापूर्वीची व नंतरची छायाचित्रे पाहूनच दिला जाईल. केंद्रीय अधिसूचना मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की प्राथमिक अधिसूचना वास्तूजवळ चिकटवली जाते आणि हरकतींसाठी दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत कमिटीने ज्यांची घरे आणि शेते वास्तूला लागून आहेत, त्यांच्या दारी स्वतः जाऊन नकाशा दाखवावा, कारण हरकत घेणारा बहुधा परका नसतो, भाऊबंदच असतो.